औषध डॉक्टरांचे, शुश्रूषा घरची





या पानांतून एरवी लागण, खोडवा, खतांचे हप्ते आणि तोडणीचा कार्यक्रम यांची चर्चा होत असते. तशी ती व्हायलाच हवी. पण ऊस पिकवणारा माणूस आणि त्याचे घर धडधाकट असेल, तर पुढचे सगळे. म्हणून या वेळी आम्ही घरातल्या आजारी माणसाच्या शुश्रूषेविषयी चार गोष्टी मांडणार आहोत. विषय घरोघरचा आहे. आज ना उद्या तो प्रत्येकाच्या उंबऱ्यावर येणारच आहे.

छत्रपती संभाजीनगरहून येणारी गाडी लासूर स्टेशनला थांबली की कधी कधी दोघातिघांनी धरून उतरवलेला एखादा रुग्ण दिसतो. कुणी घाटीतून सुटी होऊन आलेला असतो, कुणी खाजगी दवाखान्यातून. घरच्यांच्या हातात कागदांची फाईल, एक्स-रेचे मोठे पाकीट आणि औषधांची पिशवी असते. 'सुटलो बाबा एकदाचे, आता घरीच आराम,' असे म्हणत मंडळी रिक्षा बघतात. आमचे म्हणणे असे की, निम्मे काम तिथून पुढे सुरू होते. दवाखान्यात तीन पाळ्यांत नर्सबाई जे करत होत्या, ते आता घरच्यांनी करायचे असते. आणि त्या नेमके काय करत होत्या, हे बहुतेकांनी नीट पाहिलेले नसते.

एका घरची हकीकत

नाव-गाव सांगत नाही. आपल्यापैकीच एक सभासद. वडील सत्तरीपुढचे. ऐन लागणीच्या दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळले. दवाखान्यात दहा-बारा दिवस काढून त्यांना घरी आणले. घरच्यांची माया कमी नव्हती. लेकाने पुढच्या खोलीत बाज टाकली, सुनेने मऊ वाकळ अंथरली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी फळे आणली. 'आबांना हलवू नका, त्यांना त्रास होतो,' असे ज्याने त्याने सांगितले. आबा उताणे पडून राहिले. आम्हीही भेटायला गेलो होतो. दोन घटका बसलो, चहा घेतला आणि 'आराम पडू द्या' असे सांगून उठलो.

तीन आठवड्यांनी खोलीत वास येऊ लागला. ताप चढला. औषध लागू पडत नाही, डॉक्टर बदलावा, अशी बोलणी सुरू झाली. तेवढ्यात दुसऱ्याच कामासाठी उपकेंद्राच्या नर्सबाई घरी आल्या. त्यांनी विचारले, 'दादा, आबांना शेवटचं कुशीवर कधी केलं होतं?' उत्तर कुणालाच देता येईना. बाईंनी सुनेच्या मदतीने आबांना कुशीवर वळवले. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती, मध्ये काळी पडलेली. सून मटकन खाली बसली. म्हणाली, 'मी रोज पुढून अंग पुसत होते, बाई. पाठ बघायची असते, हे मला कुणी सांगितलंच नाही.'

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. आजचा लेख त्या वाक्यापायी लिहिला आहे. त्या घरात माया होती, पैसा होता, औषधही होते. नव्हती ती शुश्रूषेची माहिती. शुश्रूषा आपोआप येते, ती बाईमाणसाच्या अंगचीच असते, अशी आपली समजूत आहे. ती चुकीची आहे. बेणे निवडणे जसे शिकावे लागते, तशीच शुश्रूषाही शिकावी लागते.

हुमणीसारखी जखम

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होणाऱ्या या जखमेला शय्याव्रण म्हणतात. दवाखान्यात तिला बेडसोर म्हणतात, आपणही तेच म्हणू. ती होते कशी, ते बघा. ठिबकच्या नळीवर मोठा दगड पडला तर पुढच्या उसाला पाणी पोचत नाही. तसेच इथे होते. माणूस एका जागी पडून राहिला की त्याचे वजन हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये मांस दाबते. त्या मांसातल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. रक्त नाही म्हणजे प्राणवायू नाही, अन्न नाही. काही तास असा दाब राहिला की तिथले मांस मरू लागते. आपल्याला झोपेतही अवघडल्यासारखे होते आणि आपण न कळत कूस बदलतो. लकवा झालेल्या माणसाला ते कळत नाही, कळले तरी वळता येत नाही.

शेतकऱ्याला हे हुमणीवरून चटकन समजेल. पाने पिवळी पडलेली दिसतात तोवर खाली मुळे खाल्लेली असतात. बेडसोरही पुष्कळदा हाडाजवळ, आत सुरू होतो. वर कातडीवर दिसतो तेव्हा आतले नुकसान झालेले असते. म्हणून जखम झाल्यावर मलम शोधण्यापेक्षा ती होऊ न देणे सोपे आणि स्वस्त आहे.

त्यात ओल आणि घर्षण यांची भर पडते. लघवीने भिजलेली चादर तशीच राहिली की कातडी मऊ पडते. रुग्णाला वर सरकवताना ओढले की ती सोलवटते. आणि आपली सुंभाची बाज मध्ये झोळ पडलेली असते, तेव्हा सगळे वजन माकडहाडावर येते. ज्या बाजेवर आपण प्रेमाने आबांना निजवतो, तीच त्यांना सोसत नाही.

बेचाळीस वर्षांची साक्ष

'पडून राहणाऱ्याला जखम व्हायचीच,' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. त्याला मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिकांनी उत्तर देऊन ठेवले आहे.

अरुणा शानबाग या त्याच रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ज्यांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण काम खंडले नाही. भरवणे, पुसणे, कूस बदलणे, अंथरूण कोरडे ठेवणे, हे दिवसातून कितीदा तरी, पाळीमागून पाळी चालले. त्यांच्याविषयीचा दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला, तेव्हा न्यायालयाने या परिचारिकांच्या सेवेचा मुद्दाम गौरव केला. इतकी वर्षे पडून असलेल्या त्या बाईंना बेडसोर होऊ दिला नाही, ही गोष्ट त्या वेळी साऱ्या देशाने ऐकली.

यात महागडे यंत्र नव्हते. पाणी, साबण, कोरडी चादर, घड्याळ आणि 'आता माझी पाळी आहे' ही जाणीव एवढेच होते. तेवढे आपल्या घरात असू शकते.

ही विद्या कशी उभी राहिली

शुश्रूषेला शास्त्र म्हणून उभे करण्याचे श्रेय फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना देतात. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या जखमी इंग्रज सैनिकांच्या सेवेला तुर्कस्तानात गेल्या. तिथे त्यांना दिसले की, लढाईतल्या जखमांनी मरतात त्याहून किती तरी जास्त शिपाई घाण, कोंदट हवा आणि खराब पाणी यांतून येणाऱ्या रोगांनी मरत आहेत. त्यांनी मेलेल्यांचे हिशेब ठेवले, आकडे सरकारपुढे मांडले आणि स्वच्छता, उजेड, मोकळी हवा, वेळेवर अन्न यांवर भर दिला. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. त्यांचा जन्मदिवस १२ मे हा आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात.

आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्याजवळ रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे रमाबाई रानडे यांनी १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनामार्फत बायकांना परिचारिकेचे शिक्षण मिळवून देण्याचे काम हाती घेतले. घरंदाज बाईने परक्या रुग्णाला हात लावावा, हे त्या काळी लोकांना मुळीच रुचत नव्हते. आज आपल्या गावच्या मुली हे शिक्षण घेऊन दूरदूरच्या दवाखान्यांत काम करतात, त्यामागे या बायकांनी सोसलेले बोल आहेत.

या शिक्षणात पहिली गोष्ट शिकवतात ती पाच पायऱ्यांची. आधी रुग्णाची पाहणी. मग अडचण कोणती ते ठरवणे. मग आखणी. मग काम. आणि शेवटी फेरतपासणी, म्हणजे केलेल्या कामाचा गुण आला की नाही ते पाहणे. आपले शेतकी खातेही असेच चालते. प्लॉट पाहिल्याशिवाय खताचा डोस सांगत नाहीत, आणि डोस दिल्यावर पुन्हा बांधावर यावे लागते. घरी आपण मधली एकच पायरी करतो, ती म्हणजे औषध पाजणे. उरलेल्या चार राहतात.

घरी काय करावे

१) पाहावे आणि लिहून ठेवावे. उशाशी एक वही असू द्या. सकाळ-संध्याकाळ ताप किती, नाडीचे ठोके मिनिटाला किती, श्वास किती, लघवी-संडास झाली का, किती खाल्ले, हे तारीख-वेळ घालून लिहावे. मोठ्या माणसाची स्वस्थ बसलेली नाडी साधारण ६० ते १००, आणि श्वास १२ ते २० असतो. थर्मामीटरवर १००.४ अंशांपुढे गेले की ताप समजावा. 'कालपासून जरा बरं नाही' या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. वही दाखवली की पुष्कळ कळते.

२) पाठ पाहावी. दिवसातून दोनदा रुग्णाला वळवून माकडहाड, ढुंगण, टाचा, घोटे, खांदे, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू उजेडात बघावी. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडावे. लाली क्षणभर पांढुरकी होऊन परतली तर ठीक. दाबूनही तशीच राहिली, तर तो पहिला इशारा समजावा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तिथे ती जागा भोवतालपेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागते का ते बघावे. अशा डागावर जोराने चोळू नये. आतले दुखावलेले मांस चोळण्याने आणखी फाटते. हळद, राख, पावडर भरू नये. त्या जागेवरचा दाब काढावा आणि नर्सबाईंना दाखवावे.

३) दर दोन तासांनी कूस बदलावी. डावी कूस, पाठ, उजवी कूस असा फेरा ठेवावा. रात्रीसाठी मोबाईलचा गजर लावावा. दोन गुडघ्यांमध्ये उशी द्यावी. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवावी की टाचा अधांतरी राहतील. वर सरकवताना ओढू नये. खाली आडवी घडीची चादर घालावी, ती दोघांनी दोन बाजूंनी धरून रुग्णाला अलगद उचलावे. बाजेऐवजी सपाट खाट आणि जाड गादी बरी. हवेची गादी मिळाली तर उत्तमच, पण ती आणली म्हणून कूस बदलणे थांबवू नये. मध्ये भोक असलेली गोल उशी माकडहाडाखाली देतात, तीही टाळावी, कारण तिच्या कडांनी भोवतालचे रक्त अडते.

४) भरवताना बसवावे. लकवा झालेल्याला निजवून पाणी पाजणे धोक्याचे आहे. घास किंवा पाणी श्वासनळीत उतरते आणि फुप्फुसाला सूज येते. पाठीला टेका देऊन बसवावे, लहान चमच्याने द्यावे, एक घास गिळल्यावरच दुसरा द्यावा. भरवल्यावर अर्धा तास तसेच बसू द्यावे. ठसका लागला किंवा आवाज घरघरला, तर थांबून डॉक्टरांना विचारावे. भरवल्यावर तोंड आतून पुसून स्वच्छ करावे. जखम भरायला डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिने लागतात. नुसत्या भाताच्या पेजेवर जखम भरत नाही.

५) औषध देताना पाच गोष्टी तपासाव्यात. माणूस तोच ना, औषध तेच ना, मात्रा तीच ना, वेळ तीच ना, आणि देण्याची रीत तीच ना. एका घरात आजोबांच्या आणि आजींच्या गोळ्या एकाच डब्यात असतात. तिथे चूक व्हायला उशीर लागत नाही.

६) लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेपेक्षा खाली टांगावी, पण जमिनीला टेकू देऊ नये. पिशवी उलटी धरली की लघवी परत आत जाते आणि जंतू जातात.

७) हात धुवावेत. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर, साबणाने, नखांपर्यंत, निदान ४० सेकंद. भेटायला येणाऱ्यांनाही तसे सांगावे. पाहुणा रागावला तर रागावू द्यावा.

साखरेचे आणखी एक काम

आपण साखर पिकवणारे लोक. तिचे एक काम सभासदांना ठाऊक असायलाच हवे. जुलाब-उलट्यांत माणूस दगावतो तो अंगातले पाणी आणि मीठ गेल्यामुळे. नुसते पाणी पाजले तर ते आतड्यातून नीट शोषले जात नाही. सोबत ठराविक साखर आणि मीठ असेल तर आतडे ते ओढून घेते. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपू लागल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करून ते पाणी तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. पाजणारे कोण? बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच. जिथे शंभरातले सुमारे ३० जण दगावत, तिथे ते प्रमाण ४ च्या खाली आले. शिकवलेल्या नातेवाइकाच्या हातातला पेला काय करू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

आज ओआरएसची पुडी आशाताईंकडे, उपकेंद्रात मिळते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, आणि थोडे थोडे पाजत राहावे. साखर जास्त घालू नये, त्याने जुलाब वाढतात. लहान मुलांना याबरोबर झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, त्याही आशाताईंना विचाराव्यात. मूल मरगळले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा पाणी पोटात ठरेना, तर घरी थांबू नये, दवाखाना गाठावा. मात्र जुलाब सुरू झाल्याबरोबर 'आधी सलाइन लावा' असा जो आग्रह आपण धरतो, तो सोडावा. तोंडाने पिऊ शकणाऱ्याला पेला पुरतो.

आजार येण्याआधीची शुश्रूषा

नर्सबाईंचे निम्मे काम आजार येण्याआधीचे असते. रक्तदाब तपासून घ्या, लस टोचा, गरोदरपणी नाव नोंदवा, असे त्या सांगत फिरतात आणि आपण 'पुढच्या वेळी बघू' म्हणतो. ज्या लकव्याची हकीकत वर सांगितली, त्याचे मोठे कारण वाढलेला रक्तदाब हे असते, आणि रक्तदाब दुखत नाही. १४०/९० किंवा त्याहून अधिक पुन्हा पुन्हा येत असेल, तर औषध सुरू करावे लागते आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने ते बंद करायचे नसते.

मधुमेह असलेल्या सभासदांनी तर एक गोष्ट गाठीशी बांधावी. या रोगात पायांची जाणीव कमी होते. तोडणी झालेल्या रानात उसाच्या खोडक्यांवरून अनवाणी चालले, पायात रुतले आणि कळलेच नाही, असे होते. आठवड्याने जखम चिघळते आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते. रोज रात्री पाय धुऊन तळवे आरशात किंवा नातवाकडून तपासून घ्यावेत. रानात बूट घालावेत.

खेड्यातल्या साध्या बाया ही विद्या किती चांगली शिकू शकतात, हे शेजारच्या जिल्ह्यातच दिसले. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर बायांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बायांनी आपापल्या गावात बाळंतपण, बाळाचे वजन, स्वच्छ पाणी, जखमा यांकडे लक्ष दिले. या कामासाठी दोघांना १९७९ सालचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावच्या बायांना आरोग्यदूत केले. ३९ गावांत त्या नवजात बाळांना घरी जाऊन पाहत, वजन घेत, ऊब देत, श्वास मोजत, लागण ओळखून औषध देत. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली जगापुढे आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ज्या ठरावीक भेटी देतात, त्यांच्या मुळाशी हाच अनुभव आहे. तेव्हा आशाताई दारात आल्या की त्यांना ओट्यावरूनच परत पाठवू नका. बाळ दाखवा.

तिन्ही पाळ्या एकीवरच नकोत

आता थोडे स्पष्ट बोलतो. गळीत हंगामात कारखाना रात्रंदिवस तीन पाळ्यांत चालतो. एकाच कामगाराला तिन्ही पाळ्या दिल्या तर काय होईल? तो गव्हाणीजवळ डुलक्या घेईल आणि अपघात करील. घरात मात्र आपण सुनेला किंवा बायकोला तिन्ही पाळ्या देतो. स्वयंपाक, गुरे, रानातले काम, आणि वर आजाऱ्याचे सगळे. रात्री दर दोन तासांनी उठणे एका माणसाला महिनोन्‌महिने जमत नाही. मग कूस चुकते, चादर ओली राहते, आणि बोल तिलाच.

लेकाने बापाला वळवण्यात कमीपणा कसला? उचलायला तर दोन माणसे लागतातच. वहीच्या पहिल्या पानावर पाळ्या लिहाव्यात. रात्री १० ते २ कोण, २ ते ६ कोण. थोरल्या नातवाला ताप बघता येतो, लेकीला भरवता येते. शुश्रूषा करणाराच आजारी पडला तर त्या घरात दोन रुग्ण होतात.

दवाखान्यातून निघताना विचारायचे प्रश्न

सुटीचा कागद हातात पडला की गडबडीने निघू नये. वॉर्डातल्या सिस्टरना नम्रपणे पाच मिनिटे मागावीत आणि हे विचारावे. कूस किती वेळाने आणि कशी बदलायची, ते एकदा आमच्याकडून करून घ्याल का? खायला काय आणि कसे द्यायचे? कोणते औषध किती दिवस? जखम, नळी, टाके यांची निगा कशी ठेवायची? कोणती लक्षणे दिसली तर लगेच परत आणायचे? पुढची तपासणी कधी? आणि अडचण आली तर विचारायचे कुणाला? उत्तरे तिथेच वहीत लिहून घ्यावीत.

एक गोष्ट यातच सांगून ठेवतो. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, यातले एकही अचानक दिसले तर तेल चोळत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ लिहून घ्यावी. रक्ताची गाठ विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. शहर गाठायचा, मेंदूचा फोटो काढायचा वेळ त्यातूनच जायचा असतो. 'सकाळ होऊ द्या, मग बघू' या एका वाक्याने पुष्कळांचे हात-पाय गेले आहेत.

राहिली आबांची गोष्ट. नर्सबाईंनी त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवले. मेलेले मांस काढावे लागले. घरी परतल्यावर लेक आणि सून यांनी पाळ्या लावून घेतल्या. बाज मळ्यात गेली, खोलीत खाट आली. जखम भरायला दिवाळीपासून अक्षय्यतृतीया उजाडली. आता आबा टेका देऊन ओट्यावर बसतात आणि रस्त्याने जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या मोजतात. खाटेजवळच्या खिळ्याला ती वही अजून टांगलेली आहे. शेवटची नोंद सुनेच्या हातची होती, आम्ही पाहिली. 'पाठ पाहिली. कोरडी आहे.'

सभासदांना विनंती की, आपल्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर हा अंक बाजूला ठेवून आधी त्यांची पाठ पाहून यावी. बाकीची पाने नंतर वाचली तरी चालतील.